व्हॅक्सिन डेपो ते स्वतःची लॅब
बेळगावात सकाळी फिरायला जाणाऱ्याला टिळकवाडीतला व्हॅक्सिन डेपो माहीत असतोच. ते नाव कुठून आलं, हे मात्र फार कुणी विचारत नाही. ब्रिटिश अमदानीत इथे देवीची लस तयार व्हायची, वासराच्या कातडीवर वाढवून खरवडून काढलेली. म्हणजे जीवशास्त्राची प्रयोगशाळा या गावाला नवी नाही. नवी आहे ती त्यात शिकून स्वतःची लॅब उभी करण्याची वाट, आणि ती जवळजवळ सगळी गावाबाहेर बांधली गेली.

डीएनएची रचना कळली 1953 साली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकींनी रेणवीय जीवशास्त्राचा, म्हणजे पेशीतल्या डीएनएसारख्या रेणूंच्या अभ्यासाचा, विभाग सुरू केला तो 1962 मध्ये. तोवर 1956 च्या पुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं होतं. इथला पोरगा बीएस्सी गावात आणि एमएस्सी धारवाडला करायचा, तीही प्राणिशास्त्रात नाहीतर वनस्पतिशास्त्रात. डीएनए हा त्यातला एखादा धडा. पुढे हैदराबादचं सीसीएमबी हे पेशी आणि रेणवीय जीवशास्त्राचं केंद्र निघालं, 1986 ला केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग झाला, नव्वदीत बेंगळुरूचं एनसीबीएस हे जीवशास्त्र संशोधन केंद्र बहरलं. आणि बेळगावहून बेंगळुरूला जाणाऱ्या रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्सप्रेसला एक नवा प्रवासी मिळाला.

त्याआधी नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा पार करावी लागते. विज्ञानासाठी ती सीएसआयआर या केंद्रीय संशोधन परिषदेची, पेपर इंग्रजी आणि हिंदीत. मराठी माध्यमातून आलेल्यांना दोन्ही परक्याच, हे सीमाभागातलं दुखणं कुणी मोजत नाही. जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली की महिना 37,000 रुपये. मग पाच-सहा वर्षं पीएचडी. पहिले महिने जेल लोड करण्यात, म्हणजे डीएनए तपासायला त्याचे थेंब जेलीच्या खाचांत भरण्यात, जातात: हात जरा थरथरला की निळा थेंब खाचेत न बसता बाजूच्या द्रावणात, बफरमध्ये, विरघळतो, दिवसभराचं काम गेलं. घरी फोन केला की आई विचारते, "अजून शिकतोयसच?" नंतर पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं दुसऱ्याच्या लॅबमधलं संशोधन, बहुधा परदेशात. स्वतःची लॅब हाती येईतो पस्तिशी उलटते.

आणि लॅब मिळाली की हातातला पिपेट, थेंब मोजून घ्यायची ती नळी, सुटतो. प्रकल्पाचे प्रस्ताव, उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरची कोटेशनं, विद्यार्थ्यांची भांडणं, यातलं काहीच पीएचडीत कुणी शिकवलेलं नसतं.

2006 मध्ये आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं केंद्र बेळगावातच आलं. आता तिथे पारंपरिक औषधांवर संशोधन चालतं. जागा मोजक्याच, त्यामुळे चन्नम्माचं बुकिंग चालूच आहे.