विनोदाची खूण आणि तिचे घोळ

सप्टेंबर १९८२. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकवाल्यांच्या ऑनलाइन सूचनाफलकावर एक कोडं रंगलं होतं. दोर तुटून लिफ्ट सरळ खाली कोसळत असेल, तर आतल्या पेटत्या मेणबत्तीचं आणि लिफ्टच्या तळावरच्या पाऱ्याच्या थेंबाचं काय होईल? पुष्कळ डोकेफोड झाल्यावर हॉवर्ड गेल यांनी एक इशारा टाकला. नुकत्याच झालेल्या प्रयोगामुळे सर्वांत डावीकडची लिफ्ट पाऱ्याने दूषित झाली आहे, थोडी जळालीही आहे, शुक्रवारी सकाळी आठपर्यंत सफाई होईल. आधीची चर्चा वाचलेले हसले. मधेच डोकावलेल्यांना ती खरीच सूचना वाटली. गेल यांचं लिहिणं फसलं होतं असं मात्र नाही; सगळी गंमत त्या कोरड्या दफ्तरी थाटातच होती.

मग थट्टेला काहीतरी खूण हवी, अशी टूम निघाली. कुणी तारा सुचवला, कुणी टक्क्याचं चिन्ह. १९ सप्टेंबरला तिथलेच संगणकशास्त्रज्ञ स्कॉट फाल्मन यांनी :-) सुचवलं आणि ते आडवं वाचा म्हणून सांगितलं. पुढे असंही लिहिलं, की इथला एकूण रागरंग पाहता थट्टा नसलेल्या मजकुरालाच खूण लावणं परवडेल, त्यासाठी :-( वापरा. म्हणजे आज आपण जो तोंड पाडलेला चेहरा समजतो, तो मुळात ‘हे गंभीरपणे घ्या’ एवढंच सांगायला आला होता. लोकांनी थोड्याच काळात त्याला नाराजीचा अर्थ चिकटवला. मूळ संदेश पुढे हरवला तो हरवलाच. २००२मध्ये संगणकाच्या जुन्या टेपा धुंडाळल्यावर सापडला.

खुणेची कल्पना त्याहून जुनी आहे. उपरोधासाठी उलट्या प्रश्नचिन्हासारखं चिन्ह आल्कांतेर द ब्राम या फ्रेंच कवीने १८९९मध्येच सुचवलं होतं. ते चाललं नाही.

भारतात विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने ऑगस्ट १९९५मध्ये सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्रजीत नेटवरच्या शिष्टाचाराची एक नियमावली निघाली. सगळी अक्षरं मोठ्या लिपीत लिहिणं म्हणजे ओरडणं, हे त्यात आहे. रागाचं उत्तर एक रात्र थांबून पाठवा, हेही आहे. शिवाय हसरा चेहरा जोडला की अपमान पुसला जातो असं समजू नका, अशी तंबी आहे. मला वाटतं, हे शेवटचं कलम आजही सर्वांत कमी पाळलं जातं.

देवनागरीत मोठी-छोटी अक्षरं नाहीत, त्यामुळे आपलं ओरडणं उद्गारचिन्हांवर भागतं. तीही मराठीत रुळली एकोणिसाव्या शतकात, इंग्रज कोशकार मेजर कँडी यांच्या खटपटीने. त्याआधीची मोडी पत्रं विरामचिन्हांवाचूनच चालत. सूर सांभाळायचा तो मायना. ‘तीर्थरूप’, ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’, ‘चिरंजीव’, ‘अनेक आशीर्वाद’ एवढ्यावरून कोण कुणाला कुठल्या पायरीवरून लिहितोय ते मजकुराआधीच ठरलेलं असे. मोबाइलवर मायना गेला. घरच्या ग्रुपवर काकू विचारतात, “पूजेला येणार ना?” उत्तर येतं, “बघू.” तोंडाने म्हटलेलं ‘बघूऽ’ लाडाचं असू शकतं. लिहिलेलं ‘बघू’ मात्र काकूंना टाळाटाळ वाटते.

लिहिणाऱ्याला हे का कळत नाही, याची उकल मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी २००५मध्ये केली. विद्यार्थ्यांनी काही वाक्यं उपरोधाने, काही सरळ लिहून ईमेलने पाठवली. आपला रोख ७८ टक्के वेळा कळेल, असा त्यांचा होरा होता. प्रत्यक्षात तो कळला ५६ टक्के वेळा, म्हणजे छापा-काट्यापेक्षा जेमतेम बरा. लिहिताना स्वतःचा आवाज स्वतःच्या कानात घुमत असतो आणि समोरच्यालाही तो ऐकू येतोय असंच वाटत राहतं.

१९९९मध्ये जपानच्या डोकोमो कंपनीसाठी शिगेताका कुरिता यांनी १७६ इमोजी केले. पुढे त्यांची संख्या वाढली, पण घोळ सुटला नाही. कॅनडातल्या सस्कॅचेवानमध्ये मार्च २०२१मध्ये एका धान्य खरेदीदाराने जवसाच्या कराराचा फोटो शेतकऱ्याला पाठवून दुजोरा मागितला. शेतकऱ्याने वर केलेल्या अंगठ्याचा इमोजी पाठवला. पुढे भाव चढले, माल आला नाही, प्रकरण कोर्टात गेलं. अंगठ्याचा अर्थ ‘फोटो मिळाला’ एवढाच होता, असं शेतकऱ्याचं म्हणणं. २०२३मध्ये न्यायाधीशांनी तो सहीच धरला आणि सुमारे ८२ हजार कॅनेडियन डॉलरची भरपाई द्यायला लावली. त्यांनी आधार घेतला तो त्या दोघांच्या जुन्या व्यवहारांचा: यापूर्वी ‘ओके’, ‘ठीक दिसतंय’ अशी त्रोटक उत्तरं देऊनच त्या शेतकऱ्याने दर वेळी माल पोचवला होता.