एआयचे नियमन वेगळे, एआयचा कारभार वेगळा

कृत्रिम बुद्धिमत्तेवर छत्रपती संभाजीनगरात, लातुरात किंवा परभणीत कार्यशाळा झाली की प्रश्नोत्तरांत एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘एवढे नियम लावले तर नवे काही घडणारच नाही.’ बोलणाऱ्याच्या मनात कायदा असतो, वक्ता उत्तर देतो ते संस्थेच्या अंतर्गत व्यवस्थेविषयी, आणि दोघांच्या तोंडी शब्द एकच असल्यामुळे वाद रंगतो पण हाती काही लागत नाही. ‘गव्हर्नन्स’साठी आपण कधी नियमन, कधी नियंत्रण, कधी शासन असे जो सुचेल तो शब्द वापरतो, आणि निम्मा घोळ तिथेच होतो. मी त्यासाठी ‘कारभार’ हा शब्द आग्रहाने वापरतो, कारण कारभार म्हटले की कारभारी कोण, हे विचारावेच लागते.

नियमन बहुतेकांना ठाऊक आहे. ते बाहेरून, कायद्याच्या जोरावर येते. युरोपीय संघाचा एआय कायदा 1 ऑगस्ट 2024 रोजी अमलात आला. तो धोक्यानुसार वर्गवारी करतो, काही वापर सरळ निषिद्ध ठरवतो आणि तो निषेध मोडणाऱ्या कंपनीला 3.5 कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या 7 टक्के, यांपैकी जी रक्कम मोठी असेल तिथपर्यंत दंड करू शकतो. भारतात असा स्वतंत्र कायदा नाही; नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राने जाहीर केलेली मार्गदर्शक तत्त्वे सध्याच्या कायद्यांवरच भिस्त ठेवतात. नियमनाविषयी एवढे पुरे.

खरी गफलत कारभारापाशी होते, म्हणून उदाहरण आपल्याच शिवारातले घेतो. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत उपग्रहाच्या माहितीवरून उत्पादनाचा अंदाज बांधण्याची पद्धत 2023 च्या खरिपापासून आली आणि सोयाबीनला ती 2024 च्या खरिपापासून लागू झाली. तंत्रज्ञानाने काढलेल्या आकड्याला किमान 30 टक्के भार द्यावा आणि उरलेला पीक कापणी प्रयोगाला, म्हणजे शेतातले पीक प्रत्यक्ष कापून काढलेल्या आकड्याला, असे ठरले. ही टक्केवारी बंदीही नव्हे आणि मोकळे रानही नव्हे. नव्या साधनावर आज किती विसंबायचे याचा तो निर्णय आहे, आणि असल्या निर्णयांनाच मी कारभार म्हणतो.

आता समजा, लातूर जिल्ह्यातल्या एका महसूल मंडळात पीक कापणी प्रयोगात हेक्टरी 6 क्विंटल सोयाबीन निघाले, उपग्रहाधारित अंदाज 11 क्विंटलचा आला आणि उंबरठा उत्पादन, म्हणजे ज्याच्या खाली गेले तरच भरपाई मिळते ती पातळी, 7 क्विंटल आहे. नुसता कापणी प्रयोग धरला तर त्या मंडळातला शेतकरी भरपाईस पात्र ठरतो; 70 आणि 30 असा भार लावला तर आकडा साडेसात होतो आणि भरपाई शून्यावर येते. उपग्रह वापरण्यास कायद्याची हरकत नाही, त्यामुळे नियमनाच्या दृष्टीने इथे काहीच बिघडलेले नाही. कारभाराचे प्रश्न मात्र इथून सुरू होतात. दोन आकड्यांत इतकी तफावत आली तर फेरतपासणी कोणी करायची? सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी असलेले रान मॉडेलला ओळखता येते का, आणि ते मागच्या हंगामांच्या आकड्यांवर कोणी पडताळून पाहिले? भाद्रपदात ढग दाटलेले असताना साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला पीक दिसत नाही, त्या दिवसांची उणीव कशाने भरून काढली? आणि शेतकऱ्याने हरकत घ्यायची ती कोणाच्या टेबलावर? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी उपग्रह बंद करावा लागत नाही. उलट, भार शंभरऐवजी तिसापासून सुरू करता आला म्हणूनच हे तंत्र एवढ्या लवकर बांधापर्यंत पोहोचू शकले.

मराठवाड्याला ही रीत नवी नाही. पैसेवारीवर आपण कितीही भांडत असलो, तरी ती आधी नजरअंदाज, मग सुधारित आणि शेवटी अंतिम अशी जाहीर होते, आणि मधल्या टप्प्यांत आकडा बदलण्याची वाट उघडी राहते. संगणकातून निघालेल्या आकड्याला मात्र आपण पहिल्याच दिवशी अंतिम मानून मोकळे होतो. ‘सिस्टिमने नाकारले’ हे वाक्य मला म्हणूनच सहन होत नाही. जबाबदार म्हणजे जबाब देणारा, आणि यंत्र जबाब देत नाही; ‘जबाबदार एआय’ या शब्दप्रयोगाला काही अर्थ द्यायचा असेल तर त्यामागे नाव, हुद्दा आणि निकाल फिरवण्याचा अधिकार असलेला माणूस असला पाहिजे. कार्यशाळांत पडद्यावर दाखवला जाणारा, एका पारड्यात नवनिर्मिती आणि दुसऱ्यात कारभार घातलेला तराजूही आता उतरवावा, कारण तो एक वाढले की दुसरे घटते असे गृहीत धरतो.

कायदा असूनही कारभार नसला तर काय होते, ते नेदरलँड्समध्ये दिसले. डेटा संरक्षणाचे कायदे तिथे आधीपासूनच होते, तरीही बालसंगोपन अनुदानात हजारो कुटुंबांना चुकीने फसवे ठरवल्याचे उघड झाले. कर खात्याच्या जोखीम ठरवणाऱ्या प्रणालीत नागरिकत्व हाही एक निकष होता. त्या प्रकरणावरून जानेवारी 2021 मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. दुसऱ्या टोकाचे उदाहरण आपल्याकडचे आहे. 1 मार्च 2024 रोजी केंद्राने सूचनापत्र काढून, पुरेशी चाचणी न झालेली एआय मॉडेल लोकांना उपलब्ध करण्यापूर्वी कंपन्यांनी सरकारची परवानगी घ्यावी, अशी अट घातली. नवउद्योजकांनी ओरड केली आणि 15 मार्चच्या सुधारित पत्रात परवानगीची अट गळाली, उत्तरे अविश्वसनीय असू शकतात हे वापरणाऱ्याला कळवण्याची अट मात्र राहिली. कार्यशाळेतल्या त्या प्रश्नकर्त्याची भीती इथे खरी होती, पण ती नियमनाची होती.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. कायदा सक्तीचा असतो, कारभाराच्या चौकटी बहुधा ऐच्छिक असतात. संस्थांनी एआयचे व्यवस्थापन कसे करावे हे सांगणारे डिसेंबर 2023 चे आयएसओ 42001 हे आंतरराष्ट्रीय मानक त्यांपैकीच एक.

जालन्यात किंवा परभणीत दोन-चार तरुण मिळून कपाशीच्या बोंडाचा फोटो पाहून गुलाबी बोंडअळी ओळखणारे ॲप करत असतील, तर त्यांचा कारभार एका वहीत मावतो. कोणत्या फोटोवर काय सल्ला दिला याची नोंद, किती खात्रीच्या खाली ॲपने फवारणीचे नाव न सांगता कृषी सहायकाकडे पाठवायचे तो आकडा, आणि सल्ले चुकू लागले तर ॲप त्याच दिवशी थांबवू शकणाऱ्या माणसाचे नाव. यातल्या कशालाही दिल्लीची परवानगी लागत नाही.