सी ड्राइव्ह भरत आला की एसएसडीच्या आत काय घडतं?

ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्याच्या ऑफिसात बिलिंगचा संगणक आहे. 8 जीबी रॅम, माहिती साठवायला 128 जीबीची एसएसडी. नवा होता तेव्हा बटण दाबताच सुरू व्हायचा. आता साधं बिल सेव्ह करतानाही घुटमळतो. सी ड्राइव्हची पट्टी लाल झालीये, मोकळी जागा जेमतेम 2 जीबी. मालकांचं म्हणणं असं, की बिलं असतात काही केबींची, मग 2 जीबी काय कमी आहेत?

बिलांपुरतं पाहिलं तर भरपूर आहेत. पण मोकळी जागा एसएसडीला स्वतःच्या कामासाठीही लागते, आणि हे बहुतेकांना कुणी सांगितलेलंच नसतं.

एसएसडीत फिरती तबकडी नसते, नँड फ्लॅशच्या चिप असतात. तोशिबातल्या फुजिओ मासुओका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 मध्ये ही रचना मांडली. सूक्ष्म पेशींत विद्युतभार अडकवून माहिती साठवायची, ही मूळ कल्पना. तिला एक मोठी अट आहे: लिहिलेल्या जागेवर थेट दुसरं काही लिहिता येत नाही, आधी ती पुसावी लागते. लिहिता येतं पेजवर, म्हणजे काही केबींच्या तुकड्यावर. पुसावा मात्र अख्खा ब्लॉक लागतो, आणि एका ब्लॉकमध्ये शेकडो पेजेस असतात.

नौपाड्यातली जुनी इमारत पुनर्विकासाला जाते तेव्हा काय होतं ते आठवा. निम्मी घरं रिकामी असली तरी तेवढीच पाडता येत नाहीत. उरलेल्या भाडेकरूंना आधी दुसरीकडे हलवायचं, मगच इमारत पाडायची. एसएसडीचा कंट्रोलर, म्हणजे आतला कारभार सांभाळणारी चिप, दिवसभर हेच करतो: ब्लॉकमधली कामाची पेजेस दुसऱ्या ब्लॉकमध्ये हलवतो आणि जुना ब्लॉक पुसून घेतो. हलवायला मोकळे ब्लॉक थोडेच असतील तर तीच पेजेस पुन्हा पुन्हा हलवावी लागतात. आपण लिहितो एक एमबी, आत लिहिले जातात कितीतरी जास्त. त्यात वेळ जातो आणि पेशीही झिजतात, कारण प्रत्येक पेशी ठरावीक वेळाच पुसता येते.

आणखी एक गोष्ट. स्वस्त एसएसडीत एका पेशीत तीन किंवा चार बिट (0 किंवा 1) ठेवतात, म्हणजे विद्युतभाराच्या 8 किंवा 16 पातळ्या ओळखाव्या लागतात. हे काम हळू चालतं. म्हणून बऱ्याच ड्राइव्ह नवी माहिती आधी मोकळ्या पेशींत एकेक बिट अशी भराभर लिहितात आणि सवडीने दाटीवाटीने रचतात. मोकळ्या पेशी घटल्या की ही सोयही आक्रसते. 128 जीबीच्या ड्राइव्हवर निदान 15-20 जीबी मोकळे असावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

विंडोजमध्ये या ड्राइव्हचे 119 जीबीच दिसतात, ती फसवणूक नव्हे. कंपनी एक जीबी 100 कोटी बाइटचा धरते, विंडोज 1,07,37,41,824 बाइटचा.

जागा काढायची कुठून? विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपल्यावर अनेकांनी विंडोज 11 घेतलं. अपग्रेडनंतर ‘विंडोज.ओल्ड’ फोल्डरमध्ये जुनी प्रणाली पडून राहते आणि कित्येक जीबी अडवते. एरवी ती 10 दिवसांनी आपोआप जाते. घाई असेल तर डिस्क क्लीनअपमध्ये ‘क्लीन अप सिस्टिम फाइल्स’ निवडून काढा. मग मागच्या आवृत्तीवर परतता येत नाही, एवढं लक्षात असू द्या. डेस्कटॉपवर हायबरनेशनची, म्हणजे उघडं काम जपून संगणक बंद करण्याच्या सोयीची, फाइलही नाहक जागा खाते, 8 जीबी रॅमला साधारण 3 जीबी. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ‘powercfg /h off’ दिलं की ती जाते. लॅपटॉपवर मात्र मी हे करणार नाही. बॅटरी संपत आली की तीच फाइल उघडं काम वाचवते.

विंडोजच्या स्वतःच्या फायलींच्या ‘विनएसएक्सएस’ (WinSxS) फोल्डरला हात लावू नका. तिथल्या बऱ्याच फायली इतर फोल्डरमध्येही त्याच नावाने दिसतात, म्हणून आकार फुगलेला वाटतो, आणि हाताने काही उडवलं तर विंडोजच कोलमडू शकतं.

सेटिंग्जमधल्या ‘टेम्पररी फाइल्स’च्या यादीत ‘डाउनलोड्स’ही असतं. त्या ऑफिसात जीएसटीच्या पावत्या आणि बँकेची स्टेटमेंट्स नेमकी तिथेच होती. काढून टाकायच्या म्हणून त्या यादीत सरसकट खुणा करू नका. जुन्या हार्ड डिस्कवरून उडालेली फाइल पुष्कळदा परत मिळवता यायची. एसएसडीत फाइल कायमची काढली की विंडोज ‘ट्रिम’ आज्ञा देऊन ही पेजेस आता नकोत असं ड्राइव्हला कळवतं, आणि कंट्रोलर ती पुसायला मोकळा होतो. त्यानंतर रिकव्हरीच्या दुकानातही सहसा काही हाती लागत नाही. म्हणून आधी बाहेरच्या डिस्कवर प्रत घ्या, ती उघडून बघा, आणि मगच रिसायकल बिन रिकामं करा.