दूध फाटतं, मग फोंड्यू का फाटत नाही?

दुधात लिंबू पिळलं की ते फाटतं, हे कुणी सांगावं लागत नाही. पण फ्रान्सच्या सव्हॉय भागात लोक आंबट वाइन तापवून त्यात चीज वितळवतात आणि त्या फोंड्यूत पाव बुडवून खातात. वाइनमधलं आम्ल तिथे घात का करत नाही?

ही वाइन बऱ्याचदा सव्हॉयमधल्याच आप्रमाँ या गावची असते. शांबेरी शहराच्या दक्षिणेला ग्रानिए नावाचा चुनखडीचा डोंगर आहे. २४ नोव्हेंबर १२४८ च्या रात्री त्याचा एक कडा कोसळला आणि पायथ्याची गावं, हजारावर माणसं गाडली गेली. त्याच दगडधोंड्यांवर आज जाकेर जातीच्या द्राक्षांचे मळे उभे आहेत. जाकेरमध्ये साखर बेताचीच भरते, त्यामुळे वाइनही हलकी, साधारण ११ टक्के अल्कोहोलची. आंबटपणा मात्र भरपूर. द्राक्षात मुख्य आम्लं दोन: चिंचेतलं टार्टारिक आणि सफरचंदातलं मॅलिक. फळ पिकताना त्याच्या पेशी श्वसनासाठी मॅलिक आम्ल खर्च करतात, आणि हवा उष्ण असेल तर हा खर्च वाढतो. डोंगराळ भागातल्या गार रात्री तो आवरतात.

आता फोंड्यूकडे. दुधातले केसीन प्रथिनांचे कण एकमेकांना दूर लोटतात म्हणून तरंगत राहतात. सामू (pH, म्हणजे आंबटपणाचं माप; जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या आसपास उतरला की हे दूर लोटणं थांबतं, कण एकमेकांना चिकटतात, दूध फाटतं. चीजमध्ये केसीन आधीच एकत्र आलेलं असतं आणि त्याचे धागे कॅल्शियमने बांधलेले असतात. नुसतंच तापवलं तर हे धागे आकसतात, तेल सुटतं आणि खाली चिवट गोळा उरतो. वाइनमधलं टार्टारिक आम्ल यातलं थोडं कॅल्शियम स्वतःकडे ओढून घेतं. बांधणी सैलावते, मोकळे झालेले धागे चरबीच्या थेंबांभोवती पसरतात आणि सगळं मऊ, एकजीव राहतं. चीज भरपूर आणि वाइन त्या मानाने कमी, त्यामुळे सामू ४.६ पर्यंत घसरत नाही. चिमूटभर स्टार्चही घालतात, पण माझ्या मते खरी करामत आम्लाचीच.

पेल्यातही तेच आम्ल कामाला येतं. त्याने लाळ सुटते आणि बोफोर किंवा रब्लोशाँसारख्या चीजचा जिभेवर बसलेला तुपकट थर धुऊन निघतो. बुर्जे सरोवरातला नाजूक लाव्हारे मासा लोण्यात परतला, तर त्यालाही हीच वाइन शोभते. झणझणीत रश्शाशी तिची गाठ घालू नये: अल्कोहोल तोंडातल्या त्याच ग्राहींना (जळजळ टिपणाऱ्या संवेदकांना) चेतवतं ज्यांना मिरची चेतवते.

फोंड्यूवर पाणी पिऊ नये, पोटात चीजचा गोळा होतो. प्यायची तर वाइन किंवा गरम चहा, असं आल्प्समध्ये सांगतात. झ्युरिकच्या डॉक्टरांनी २० निरोगी माणसांना फोंड्यू खाऊ घालून वाइन आणि चहाची तुलना केली आणि २०१० मध्ये निष्कर्ष छापले. वाइन घेतली तेव्हा जठर रिकामं व्हायला चहापेक्षा जास्त वेळ लागला. अपचनाच्या तक्रारी मात्र वाढल्या नाहीत.