जोराचा सूर आणि घुमणारा सूर: ट्रंपेटवाल्यांचा नेहमीचा घोळ

"अजून जोर लाव की लेका, आवाज घुमंना झालाय!"

सांगली-मिरजेकडं कुठल्याही बँडच्या सरावाला जाऊन बसा, तासाभरात हे वाक्य ऐकू येतंच. म्हणणाऱ्याला खरंच घुमणारा आवाज हवा असतो, पण तो मागतो जोर. मग पोरगं मानेच्या शिरा फुगवून, माउथपीस ओठांत रुतवून फुंकतं. आवाज मोठा होतो आणि होतं नव्हतं ते घुमणंही जातं. ओठावर माउथपीसचा लाल गोल उमटलेला घेऊन ते घरी जातं आणि दुसऱ्या दिवशी त्याहून जोरात फुंकतं. वर्षानुवर्षं हे बघून मी कंटाळलोय, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

जोराबद्दल फार सांगायला नको. लग्नसराईचा एक हंगाम काढलेल्या प्रत्येकाला तो येतो. एवढंच लक्षात घ्या, की ट्रंपेटवर जोर वाढला की आवाज नुसता मोठा होत नाही, त्यातले वरचे उपस्वर, म्हणजे मूळ सुरासोबत उमटणारे उंच, बारीक सूर, वाढतात आणि पितळी झळाळी चढते. समोर उभ्या माणसाला ही झळाळी म्हणजेच घुमणं वाटतं. झळाळी वाईट नाही. मिरवणूक चौकात आल्यावर ती हवीच. पण भरलेल्या सुरावर चढली तर ती शोभते, पोकळ सुरावर चढली तर नुसती बोचते.

खोलीचा घुमारा हा आणखी एक गैरसमज. जिन्यात किंवा फरशीच्या रिकाम्या खोलीत वाजवून खूश होणारे पुष्कळ आहेत. तो आवाज भिंतींचा. सांगलीत कृष्णेच्या घाटावर, उघड्यावर उभं राहून तोच सूर लावा म्हणजे स्वतःचं किती आणि भिंतीचं किती ते लगेच कळतं.

आता मुख्य गोष्ट. साध्या ट्रंपेटची नळी सरळ केली तर जवळजवळ दीड मीटर भरते. ओठ थरथरतात, लहर नळीतून पुढं जाते आणि भोंग्याशी पोचल्यावर तिचा बराचसा भाग माघारी फिरून ओठांपर्यंत येतो. ही माघारी आलेली लहर ओठांच्या थरथरीशी जुळली, तर नळीच ओठांना वाजवायला लागते. कष्ट कमी होतात आणि सूर फुलतो. जुळली नाही तर? तरीही सूर वाजतोच, आणि सगळी गडबड तिथंच आहे. प्रत्येक सुराच्या थोडं वर, थोडं खाली नळी चालवून घेते. ओठ आवळून सूर जरा वरच्या अंगाला धरला तरी तो मोडत नाही, ऐकणाऱ्याला बेसूरही वाटत नाही. फक्त तो अरुंद होतो, त्यातली आस, म्हणजे गुंजत राहणं, जाते. मग ती कमतरता आपण जोरानं भरायला जातो.

मिरजेत तानपुरा तयार होताना ज्यानं बघितलाय त्याला हे चटकन कळेल. घोडीवर तारेखाली जवारीचा दोरा असतो. तो केसभर इकडं, केसभर तिकडं सरकवतात. एका जागी तार मुकी, आणि अगदी तिच्या शेजारच्या जागी तीच तार भरभरून गुंजायला लागते. दोरा चुकीच्या जागी असेल तर तार कितीही जोरात छेडा, ती गुंजणार नाही. ट्रंपेटच्या प्रत्येक सुराला अशी जागा आहे, आणि ती ओठांनी शोधायची असते.

शोधायची कशी, ते सांगतो. मोकळ्या ट्रंपेटवर, एकही व्हॉल्व्ह (बोटांनी दाबायची कळ) न दाबता, सा वाजवा. पेटीवर तो काळी पाचला येतो. त्याच्या वरचा मोकळा पंचम घ्या. मध्यम आवाजात, बेतानं. आता व्हॉल्व्हला हात न लावता तोच सूर हळूहळू खाली वाकवा, गवई मींड घेतात तसा, साधारण अर्ध्या सुरापर्यंत. जबडा थोडा सैल, जीभ थोडी खाली, वारा मात्र चालू. मग तितक्याच सावकाश परत वर या. वर येताना वाटेत एक जागा अशी लागते की तुम्ही काही वाढवलेलं नसताना आवाज आपोआप मोठा आणि गोल होतो. ट्रंपेट धरलेल्या बोटांना पितळेचा कंप जाणवतो. तिथंच थांबा. सवयीनं आणखी वर सरकू नका.

बहुतेकांना ती जागा त्यांच्या रोजच्या सुरापेक्षा किंचित खाली सापडते. मग ओरड होते, "मास्तर, सूर उतरला!" उतरूदे. ओठ आवळून तो चढवायचा नाही, ट्यूनिंग स्लाइड, म्हणजे नळीचा सरकता तुकडा, आत ढकलायची; नळी आखूड झाली की सूर चढतो. ज्याची स्लाइड बोटाच्या पेराहून जास्त बाहेर ओढलेली असते, त्याचं वाजवणं ऐकायच्या आधीच मला शंका येते. आमच्याकडं एप्रिल-मेच्या उन्हात वाद्य चढतं आणि स्लाइड थोडी बाहेर काढावी लागते, हे मान्य. पण पावसाळी सकाळीही ती तेवढीच बाहेर असेल तर ओठ आवळलेले आहेत.

खात्री करायची असेल तर ट्यूनिंग स्लाइड पूर्णच काढून ठेवा. माउथपीस आणि पुढची आखूड नळी, एवढ्यातच फुंका. या तुकड्याला स्वतःचा एक ठरलेला सूर आहे. ओठ सैल आणि वारा मोकळा असेल तर तो आपण होऊन निघतो, भसाडा पण भरलेला. आवळलेल्या ओठांनी तिथं चढा, चिरका आवाज येतो. रोज सुरुवातीला दोन मिनिटं मी पोरांकडून हेच करून घेतो. ऐकायला ओबडधोबड आहे, पण याइतकं खरं बोलणारं दुसरं काही नाही.

वाहता सूर हा याच गोष्टीचा पुढचा भाग. एक सूर जागेवर बसला, पण पुढच्या सुरावर जाताना वारा तुटला तर पुन्हा पहिले पाढे. श्वास घेतला की छातीला कुलूप लावायचं आणि मग दाबून सोडायचं, ही सवय मला सगळ्यांत जास्त खटकते. श्वास आत येऊन वळतो आणि बाहेर पडतो, मध्ये थांबा नाही. पंचमापासून निघा, शेजारच्या सुरावर जा, परत या, मग त्याच्या पलीकडच्या. जिभेचा ठोका फक्त पहिल्या सुराला. लय संथ असली तरी व्हॉल्व्ह मात्र चटकन आणि पूर्ण दाबायचा. अर्धवट दाबलेला व्हॉल्व्ह वारा अडवतो आणि दोष ओठांना मिळतो. अमेरिकेतल्या शिकागो सिम्फनी या वाद्यवृंदात 1952 ते 1974 ट्रंपेट वाजवलेले व्हिन्सेंट चिकोविट्झ शिष्यांकडून असेच जोडलेले, वाहते सूर घोटून घ्यायचे. त्याच वाद्यवृंदात 1944 ते 1988 ट्यूबा, म्हणजे खर्जातलं मोठं पितळी वाद्य, वाजवणारे आर्नोल्ड जेकब्ज यांची शिकवण दोन शब्दांत सांगतात: गाणं आणि वारा. मनात सूर गा, वारा जाऊ दे. आपल्या गवयांचा खर्जाचा रियाज आणि दमसास यांची ज्याला ओळख आहे, त्याला यात परकं काही वाटणार नाही.

माउथपीस बदलल्यानं आवाज घुमेल का, हेही सारखं विचारतात. माउथपीसचा कप, म्हणजे ओठ टेकतात ती वाटी, मोठा असेल तर आवाज थोडा गडद येतो. वाद्यावर चांदीचा मुलामा की लॅकरचं रोगण, यानं ऐकण्यासारखा फरक पडत नाही. पैसे असतील तर आधी व्हॉल्व्ह नीट करून घ्या आणि आतली नळी धुवा.

मिरजेच्या विसर्जन मिरवणुकीतली एक रात्र सांगतो. मी तेव्हा विशीत होतो आणि आमच्या रांगेत सगळ्यांत जोरात मीच वाजवत होतो. रात्री दोनच्या पुढं ओठ बसले, वरचा सा निघेना. माझ्या शेजारी साठीचे एक काका होते, त्यांचा चेहरा संध्याकाळी होता तसाच. माझा मामा रस्त्याच्या पार दुसऱ्या टोकाला उभा होता. घरी गेल्यावर तो म्हणाला, "ताशाच्या वर त्या म्हाताऱ्याचंच ऐकू येत होतं. तुझं जवळ आल्यावर कळलं." दुसऱ्या दिवशी मी काकांकडं गेलो. त्यांनी माझी ट्रंपेट हातात घेतली, वाजवली नाही, फक्त स्लाइड बघितली आणि आत ढकलली.

यंदा आषाढात आलेल्या एका पोराची स्लाइड जिथवर बाहेर होती, तिथं मी तिच्यावर मार्करनं रेघ मारून ठेवली. रोज वीस मिनिटं एवढंच, वाकवणं आणि वाहते सूर, आणि घरी गाणी बंद. गणपतीच्या आदल्या आठवड्यात, त्याच खोलीत, तशाच पावसाळी हवेत त्यानं पेटीशी सूर जुळवला. रेघ आत गेली होती.