अदृश्य कणाला ढग बनवून मोजायचं

मिठाचा दिवा लावा आणि घरबसल्या समुद्राची शुद्ध हवा घ्या, अशी एक जाहिरात परवा पाहिली. यात दोन घोटाळे आहेत. समुद्रावरची हवा कणांवाचून नसते, आणि ते कण मिठाचा खडा तापवून तयार होत नाहीत.

लाट फुटताना पाण्यात हवा कोंडते. तिचे बुडबुडे वर येऊन फुटतात, त्यांच्या पातळ पापुद्र्याच्या ठिकऱ्या उडतात, पाणी सुकतं आणि मीठ तरंगत राहतं. वजनात हेच कण भारी. संख्येत मात्र बहुतेक वेळा सल्फेटचे बारीक कण पुढे असतात. ते पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींपासून निघणाऱ्या गंधकयुक्त वायूतून बनतात. किनाऱ्यापासून खूप दूर, स्वच्छ हवेतही एका घन सेंटीमीटरमध्ये असे काहीशे कण सहज सापडतात.

पण ५० नॅनोमीटरचा कण मोजणार कसा? (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बराच लहान असला, की त्याच्याकडून विखुरणारा प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने घटतो. व्यास १० पट कमी, तर प्रकाश १० लाख पट कमी! लेझर टाकूनही हाती काही लागत नाही.

यावरची युक्ती मला फार आवडते: कण दिसत नाही ना, मग त्याला फुगवा. हवा आधी ब्युटेनॉल या अल्कोहोलच्या कोमट वाफेतून न्यायची, मग थंड नळीत सोडायची. वाफेला आता द्रव व्हायचंय, पण बसायला पाट हवा. तो पाट म्हणजे आपला कण. त्यावर थर चढत जातो आणि क्षणार्धात सुमारे १० मायक्रोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा टपोरा थेंब होतो. थेंब एकामागून एक लेझरसमोरून जातात. जितके लखलखाट, तितके कण. ढगही असेच जमतात, फक्त तिथे वाफ पाण्याची असते. स्कॉटलंडच्या जॉन एटकेन यांनी १८८०च्या दशकात पाण्याचीच वाफ वापरली आणि आखलेल्या चौकटींवर पडलेले थेंब भिंगातून चक्क मोजले.

समुद्रावरचे कण मोजायला बोटीने जावं, तर सगळ्यात मोठी डोकेदुखी बोटीच्याच धुराची. म्हणून हवा ओढणारी नळी धुराड्यापासून लांब, पुढच्या टोकाकडे बसवतात. तरी वारा मागून फिरला की काहीशेचा आकडा एकदम हजारोंवर उडी मारतो. तेवढ्या वेळच्या नोंदी मग मुकाट्याने काढून टाकायच्या.