विम्बल्डनची महिला एकेरी: वीस गिनींच्या परडीची गोष्ट

विम्बल्डनला टेनिस स्पर्धा सुरू झाली १८७७ मध्ये, आणि ती फक्त पुरुषांची होती. महिलांसाठी दार उघडायला आणखी सात वर्षे गेली. डब्लिनच्या आयरिश अजिंक्यपद स्पर्धेत मात्र १८७९ मध्येच महिला एकेरी खेळली गेली होती, त्यामुळे पहिलेपणाचा मान विम्बल्डनचा नाही.

१८८४ मध्ये १३ जणींनी नावे दिली. पुरुषांची एकेरी आटोपल्यावर त्यांची पाळी आली. अंतिम फेरीत दोघी सख्ख्या बहिणी, १९ वर्षांची मॉड वॉटसन आणि थोरली लिलियन. पायघोळ पांढरे झगे सावरत खेळलेला तो सामना धाकटीने ६-८, ६-३, ६-३ असा जिंकला. बक्षीस काय, तर २० गिनी (जुने ब्रिटिश चलन) किमतीची चांदीची फुलांची परडी! (बहिणी-बहिणींची अंतिम लढत इथे पुन्हा दिसली ती थेट २००२ मध्ये, सेरेना आणि व्हीनस विल्यम्स यांची.)

परडीच्या जागी १८८६ मध्ये तबक आले. १८६४ मध्ये घडवलेले हेच तबक विजेत्या आजही उंचावतात. त्याला ‘व्हीनस रोझवॉटर डिश’ म्हणतात खरे, पण त्याच्या मध्यभागी व्हीनस ही रोमन देवता नाहीच. तिथे संयमाची मूर्ती आहे.

१८८६ मध्येच एक नवा नियमही आला. गतविजेतीने आधीच्या फेऱ्या खेळायच्याच नाहीत, फक्त आव्हान देणारीची वाट पाहायची. १९१९ चा गाजलेला सामना त्यातूनच घडला. युद्धामुळे चार वर्षे स्पर्धा बंद होती, आणि १९१४ ची विजेती डोरोथिया लॅम्बर्ट चेंबर्स आता चाळिशीची होती. सात विजेतेपदे तिच्या नावावर. समोर २० वर्षांची फ्रेंच सुझान लेंग्लेन, आखूड बाह्या आणि पोटरीपर्यंतचा झगा घालून आलेली. चेंबर्सला दोन मॅचपॉइंट, म्हणजे एका गुणात सामना जिंकण्याच्या संधी, मिळाले, दोन्ही हुकले. लेंग्लेन १०-८, ४-६, ९-७ अशी जिंकली. पुढे तिला पाहायला एवढी गर्दी लोटू लागली की जुने वर्पल रोडचे मैदान अपुरे पडले. १९२२ मध्ये स्पर्धा चर्च रोडला हलली आणि गतविजेतीची सवलतही तेव्हाच गेली.

पैशाचा हिशेब मात्र रेंगाळला. १९६८ मध्ये व्यावसायिक खेळाडूंना प्रवेश मिळाला, तेव्हा पुरुष विजेता रॉड लेव्हरला २००० पौंड मिळाले आणि महिला विजेती बिली जीन किंगला ७५०. समान बक्षीस आले २००७ मध्ये. व्हीनस विल्यम्सला ७ लाख पौंड मिळाले, पुरुष विजेत्याइतकेच.

मला पैशापेक्षा बोलका वाटतो तो विजेत्यांचा नामफलक. ख्रिस एव्हर्टने १९८१ मध्ये जेतेपद मिळवले, पण फलकावर नाव लागले ‘मिसेस जे. एम. लॉइड’, म्हणजे आद्याक्षरेसुद्धा नवऱ्याची. फलकावरचे ‘मिस’ आणि ‘मिसेस’ काढले गेले २०२२ मध्ये.